घरटी एक लाकूड

१

रविवारी सकाळी चहा झाला की अक्षदा मागच्या पडवीत जायची, सरपणाच्या थप्पीतून एक ठरावीक लाकूड ओढून काढायची आणि वजनकाट्याच्या हुकाला टांगायची. आकडा स्थिर झाला की वहीत लिहायचा आणि लाकूड होतं तिथे परत सरकवायचं. जानेवारीपासून एकही रविवार चुकला नव्हता.

नववीच्या विज्ञानाच्या मॅडमनी प्रकल्प दिला होता. घरातली हळूहळू बदलणारी एक वस्तू निवडायची आणि दहा आठवडे तिच्या नोंदी ठेवायच्या. कुणी लोणच्याची बरणी घेतली, कुणी कुंडीतलं रोप. अक्षदाने लाकूड घेतलं, कारण त्यासाठी कुणाकडे काही मागायला जावं लागणार नव्हतं. मागणं तिला जमायचं नाही. दुकानात गेली तरी दुकानदार विचारीपर्यंत ती नुसती उभी राहायची.

लाकूड शिरीषाचं होतं. गावाच्या वेशीवर कुणा मुंबईवाल्याच्या फार्महाऊससाठी झाडं पाडली, तेव्हा आईने मागून आणलेलं. गावातल्या हिरूने ते फोडून दिलं, पण थप्पी मात्र आईने एकटीने रचली. खाली सिमेंटचे दोन खांब आडवे टाकले, जमिनीची ओल वर चढू नये म्हणून. प्रत्येक लाकडाची साल वरच्या अंगाला ठेवली आणि दोन लाकडांमध्ये हात जाईल एवढी फट, वारा खेळायला. सगळं मिळून दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आई कुणाशी बोलली नाही.

पहिल्या रविवारी ते लाकूड पाच किलो दोनशे ग्रॅम भरलं. ओळखू यावं म्हणून अक्षदाने त्याला वेणीची रिबीन बांधली. कापलेली बाजू ओलसर, लालसर होती आणि बोट लावलं तर गार लागायची. वास आंबूस, ताकाच्या मडक्यासारखा. दुसऱ्या लाकडाने ठोकलं की 'थप' असा बसका आवाज यायचा.

मग ते बदलायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात लाली उतरली. चौथ्यात मधोमध केसाएवढी भेग दिसली आणि पुढच्या आठवड्यात तिला चहूकडे बारीक फाटे फुटले. साल कडेने सुटून वर उचलली गेली. खाली जमिनीवर पिठासारखा भुसा पडू लागला. वास गेला. ठोकल्यावर येणारा आवाज दर आठवड्याला थोडा वर सरकत गेला. अक्षदाने भिंतीवर पेन्सिलीने थप्पीच्या उंचीची खूण केली होती. फेब्रुवारी संपता संपता थप्पी त्या खुणेच्या तीन बोटं खाली आली होती. एकही लाकूड कुणी काढलं नव्हतं. आख्खी थप्पी नुसती आकसली होती.

वहीत तिने हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. आईबद्दल मात्र काही लिहिलं नाही. प्रकल्प लाकडाचा होता.

२

"माधवी, एवढी फाटी कुणासाठी गं?" शेजारच्या अंबूबाई पडवीत आल्या की हटकून विचारायच्या. "पोरीचं लगीन काढलंस का काय? आगं, तिच्या तोंडातून शबुद निघत नाय, मंगळाष्टकाला तरी तोंड उघडंल का?"

अक्षदा हसून आत पळायची. आई हसायची नाही.

"लागतील," ती म्हणायची.

"मग आंघोळीच्या पाण्याला काटक्या का गोळा करत फिरतेस? यातलं एखादं घाल की."

"त्याला हात लावायचा नाय."

अंबूबाई डोळे मोठे करून अक्षदाकडे बघायच्या आणि पानाची पिशवी उघडायच्या. त्यांना वाटे, नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत, बाईचं चित्त थाऱ्यावर नाही. अक्षदालाही तसंच वाटे. तसं वाटून घेणं सोपं होतं.

शाळा सकाळची होती. एक वाजता ती घरी यायची, जेवायची आणि माजघरात अभ्यासाला बसायची. दुपारी गाव चिडीचूप असे. भिंतीपलीकडे पडवी. तिथून मधूनच आवाज यायचा, टक. सुकताना लाकूड तडकतं, त्याचा. थोड्या वेळाने पुन्हा, टक. पहिल्यांदा ती दचकली होती, पण मग तो आवाज घड्याळासारखा सवयीचा झाला. बाबा गेल्यापासून घरात एवढा तरी आवाज आहे, याचं तिला बरंच वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती गणित सोडवत होती. टक झालं. तिने मान वर केली नाही. पुन्हा टक झालं तेव्हा तिची पेन्सिल थांबली, कारण आवाज मागून आला नव्हता. समोरून, ओटीवरून आला होता. ओटीवर लाकूड नव्हतं. तिथे आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, दाराकडे पाठ करून.

गुडघे असतील, अक्षदाने स्वतःला समजावलं. बसून बसून गुडघे वाजतात. अंबूबाईंचे तर चालतानाही वाजतात.

ती दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली. आईचे हात मांडीवर होते. सूप खाली ठेवलेलं होतं. आई जराही हलत नव्हती.

टक.

"आई?"

"काय गं?" आई वळली. तिने पदर सारखा करायला हात वर केला, तशा पितळेच्या दोन बांगड्या घरंगळत थेट कोपरापर्यंत गेल्या.

३

जानेवारीत आशाताई वजनकाटा घेऊन घरोघरी आल्या होत्या. आईचं वजन तेव्हा बावन्न किलो भरलं होतं. अक्षदाच्या ते लक्षात होतं, कारण कार्डावर आकडा तिनेच लिहिला होता. फेब्रुवारीत राजेशकाका आईला नेरळला डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा अठ्ठेचाळीस. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि मन रमवा म्हणून सांगितलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आशाताई पुन्हा आल्या. पंचेचाळीस.

त्या संध्याकाळी अक्षदाने प्रकल्पाची वही उघडली. पाच किलो दोनशे. चार किलो आठशे. चार किलो पाचशे. तारखा मागेपुढे एखाद्या दिवसाच्या फरकाने त्याच होत्या.

 तिने वही मिटून देवळीत उभी करून ठेवली.

आई जेवत नाही, हे खरं होतं. अर्धी भाकरी मोडायची, तीही बोटांनी चिवडत. न जेवणारा माणूस बारीक होतो. उन्हाळ्यात लाकूड सुकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर आकडे कुठेतरी जुळणारच. तरी दुसऱ्या दिवशी धीर करून तिने मॅडमना विचारलं, लाकूड आणि माणूस असं न म्हणता, दोन वस्तू असं म्हणून.

"दोन आकडे जुळले म्हणजे त्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतोच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण निरीक्षण छान आहे हं. अजून एक नोंद घे."

मग अक्षदाने आठवडाभर आईला समोर बसवून जेवू घातलं. भाकरीवर तूप, सुक्या बोंबलाची चटणी, मऊ भात. आई मुकाट्याने दोन-दोन भाकऱ्या खायची. लेकीसाठी खातेय हे दिसत होतं, पण खायची. अक्षदाला हायसं वाटलं.

रविवारी लाकूड चार किलो चारशे भरलं. ठोकलं तर घंटेसारखं वाजलं. पुस्तकात लिहिलं होतं की असं वाजायला लागलं म्हणजे लाकूड जाळायला तयार झालं.

त्या दुपारी आशाताईंच्या घरी जाऊन तिने काटा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं. आईला त्यावर उभी केली.

आईने खाली वाकून पाहिलंही नाही. "किती?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," अक्षदा म्हणाली. काचेखाली काटा चव्वेचाळीसवर थरथरत होता.

४

शिमग्याच्या आदल्या दिवशी राजेशकाका मोटरसायकलवर आला. बाबांचा धाकटा भाऊ. रसायनीला कंपनीत होता. गावातली पोरं होळीसाठी लाकडं पळवतात, तेव्हा थप्पीवर नजर ठेव म्हणून आईनेच त्याला फोन केला होता. काकाला त्याचं हसू आलं होतं.

"वयनी, चार फाटी होळीला दे की. पोरांचा मान असतो."

"नाय."

"मग एवढं सुकं लाकूड ठेवून करायचं तरी काय?"

"गावाला द्यायचं हाय." आई चुलीपुढे बसली होती. चुलीत करवंदीच्या काटक्या जळत होत्या. "घरटी एक."

काका हसायला लागला आणि मध्येच थांबला.

गावात मयत झालं की प्रत्येक घराने एक लाकूड द्यायचं, अशी तिथली रीत होती. घरटी एक. लहान घर असो, मोठं असो. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याने मात्र द्यायचं नाही. त्याच्या घरचं लाकूड चितेत चालत नाही.

बाबा ऑगस्टमध्ये गेले. कावीळ झाली आणि चौथ्या दिवशी संपलं. पाऊस आठ दिवस थांबत नव्हता. गावाने लाकडं दिली, कुणी कमी केलं नाही, पण सगळ्यांचीच भिजलेली. कुणाकडे तर दोन दिवसांपूर्वी तोडलेली ओली लाकडं होती, त्यांनी ती दिली. आणि इकडे बाबांनीच उन्हाळ्यात फोडून ठेवलेलं सरपण पडवीत पापडासारखं कोरडं पडून होतं.

"ही न्या," आई म्हणाली होती. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ती पुन्हा म्हणाली. मग ओरडून म्हणाली. कुणी नेली नाहीत.

पडवीतून शेतापलीकडची स्मशानाची जागा दिसायची. आई आणि अक्षदा पडवीतच उभ्या होत्या, आईचा एक हात त्या कोरड्या लाकडांवर. दुपारपासून नुसता धूर दिसत होता. पांढरा, जाड, जमिनीलगत सरपटणारा. जाळ कधी दिसलाच नाही. दिवेलागणीला काका परत आला, तेव्हा त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता.  

आता चुलीपुढे काकाने खाली मान घातली. "वयनी, तसलं काय मनात आणू नको. अक्षदा हाय तुला."

"तिच्यासाठीच करतेय ना," आई म्हणाली.

५

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गावातलं प्रत्येक माणूस घरी असतं. नोकरीची माणसंसुद्धा. आईने तोच दिवस धरला. सकाळीच थप्पी मोडायला घेतली आणि अक्षदाच्या सायकलच्या कॅरिअरला तीन-तीन लाकडं बांधून दोघी निघाल्या.

एकवीस घरं. प्रत्येक दारात आई तेच बोलली.

"हे ठेव. चुलीत घालू नको. कोरड्या जागी ठेव, पावसात पण. लागंल तवा तुझ्या हातानं दे."

"लागंल म्हणजे कवा?" हिरूची बायको म्हणाली. "आणि कुणाला?"

"तुला समजंल."

अंबूबाई म्हणाल्या, "बाई, शिमग्याचं सोंग काढलंस का काय? लोक पुरणपोळी वाटतात, तू फाटी वाटतेस!" पण त्यांचं हसू ओठांतच राहिलं. त्यांनी लाकूड घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

चौथ्या दारातून बाहेर पडताना अक्षदाला समजलं. चालता चालता तिचे पाय थांबले. सायकल एका अंगाला कलली.

"धर नीट," आई म्हणाली.

पुढे सतरा घरं ती सायकल धरून चालली. काय करायला हवं होतं ते तिला सुचलं नाही. ओरडायला हवं होतं, लाकडं रस्त्यावर फेकायला हवी होती. पण दारादारांत माणसं उभी होती, बघत होती, आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्या की तिची जीभ टाळूला चिकटायची.

विपुलदादाचं घर गावाच्या टोकाला, सगळ्यात शेवटी. तो आणि त्याची बायको नोकरीसाठी बाहेर राहायचे, सणाला यायचे. रिबीन बांधलेलं लाकूड त्यांच्या वाट्याला आलं. अक्षदाने रिबीन सोडून घेतली.

परत येताना शेताच्या बांधावर तिने विचारलं, "आई, हे कशाला केलंस?"

"माझ्यासारखं तुला धुराकडं बघत उभं राहायला लागू नये म्हणून. पाऊस असला तरी एका तासात सगळं व्हईल. चांगलं सुकलंय."

"आणि मग मी कोणाजवळ राहू?"

आई थांबली. तिने खरोखरच विचार केला. कपाळावर आठ्या घालून, एखादी गोष्ट करायची राहून गेल्यावर करतात तसा.

"ते मी नाय बघितलं गं," ती म्हणाली.

६

थप्पी गेल्यावर पडवीत खाली सिमेंटचे दोन खांब आणि भुशाचा थर तेवढा राहिला. टक असा आवाज पुन्हा कधी आला नाही. अक्षदा दुपारी वाट बघत बसायची.

आईने अंथरूण धरलं. ताप नव्हता, कुठे दुखत नव्हतं. सकाळी थोडं बोलायची, संध्याकाळी थोडं. दुपारी एक ते तीन मात्र ती माजघरात चटईवर डोळे अर्धवट उघडे ठेवून पडायची आणि काही केल्या जागी व्हायची नाही. अक्षदा नाकापुढे बोट धरून बघायची. श्वास लागायचा, बारीक, कोरडा.

शुक्रवारी नळावर हिरूची बायको भेटली. "अक्षदा, तुझ्या आईला बरं नाय म्हणतात आणि काल भर दुपारी आमच्या घरात येऊन बसली की."

"कोण?"

"आगं तुझी आई. ते लाकूड ठेवलंय ना, त्याच्या बाजूला भिंतीला टेकून. मी पाणी दिलं, घेतलं नाय. तोंडातून एक शबुद नाय. मी आपली भांडी घासायला गेले, येऊन बघते तर गेलेली."

"काल दुपारी ती घरीच होती."

"मग मला काय स्वप्न पडलं?" तिने हंडा कमरेवर घेतला.

अक्षदाच्या मागे रांगेत दोन बायका होत्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "काल दुपारी ती माझ्याकडं व्हती."

 दुसरीने नुसता पदर तोंडाला लावला.

रविवारी सकाळी काका आला. वहिनीला बघताच त्याचा चेहरा उतरला. "आजच कर्जतला न्यायची. मी गाडी बघतो," म्हणाला आणि निघाला. अंबूबाई उशाशी बसल्या. काकाने जाताना आपला जुना फोन अक्षदाच्या हातात दिला, काही लागलं तर असावा म्हणून.

अक्षदाने सायकल काढली.

मनात तिने एकच गोष्ट धरली होती. गावाकडे लाकूडच नसेल तर गाव देणार कुठून? आणि गावाने दिल्याशिवाय आई जाणार कशी? हा विचार वेड्यासारखा आहे हे तिला समजत होतं. मॅडमना सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या तेही माहीत होतं. तरी ती पहिल्या दारात जाऊन उभी राहिली. कुणी विचारीपर्यंत थांबली नाही.

"आईने दिलेलं लाकूड परत द्या," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

कुणी आढेवेढे घेतले नाहीत. कुणी तर तिची वाट बघत असल्यासारखे लाकूड दारात आणूनच उभे होते. "ने बाई," एक म्हातारा म्हणाला, "बसते ती नुसती. आपल्याच गावची सून, भ्यावं तरी कसं? पण बघवत नाय गं." एका घरातल्या बाईचे डोळे भरून आले. "मी तिला म्हटलं, माधवी, घरी जा, पोरगी एकली हाय. तर माझ्याकडं बघितलं. जाऊ तरी कुठं, असं."

तीन लाकडं आणली, पडवीत ठेवली. पुन्हा निघाली. सहा झाली, नऊ झाली. हाताला सालीची कुसं लागली.

बारा झाली तेव्हा माजघरातून अंबूबाई ओरडल्या, "अक्षदा, आगं पाणी मागितलं बघ हिनं! घटाघट प्यायली!"

पंधरा झाली तेव्हा आईने कूस बदलली. अठरा झाली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, अंबूबाईंचा हात धरून, आणि तिच्या गालावर जरासा रंग होता. अक्षदा दाराशी धापा टाकत उभी राहिली. आईने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"घामाघूम झालीस गं," ती म्हणाली. "किती राहिली?"

"तीन."

आईने तिच्याकडे बघत हलकेच मान हलवली. हो म्हणाली की नको म्हणाली, ते कळलं नाही.

७

दोन मिळाली. ती कॅरिअरला बांधून अक्षदा विपुलदादाच्या घरासमोर आली, तेव्हा दाराला कुलूप होतं.

ती हे विसरलीच होती. शिमगा संपल्यावर ते दोघं निघून गेले होते. तिने काकाच्या फोनवरून विपुलदादाला फोन लावला.

"लाकूड? हां हां, माजघरात हाय, वयनीनं सांगितलं तसंच कोरडं ठेवलंय," तो खुशीत म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज होता. "चावी माझ्याकडंच हाय गं. शनिवारी येतो, तवा ने."

आज रविवार होता.

काकाला बोलवायचं आणि कुलूप तोडायचं, तिने ठरवलं. त्याआधी लाकूड नक्की आत आहे ना, एवढं बघावं म्हणून ती बाजूच्या खिडकीशी गेली. खिडकीचं एक दार नीट बसत नव्हतं. ते ओढून तिने गजांना तोंड लावलं.

आत उन्हाची एक पट्टी होती आणि बाकी अंधार. डोळे सरावल्यावर भिंत दिसली. भिंतीला उभं केलेलं लाकूड दिसलं, तिचं, दहा रविवार वजन केलेलं. ते तिने कुठेही ओळखलं असतं.

लाकडाच्या शेजारी आई बसली होती.

पाठमोरी, गुडघे पोटाशी घेऊन. सकाळपासून अंगावर असलेलं तेच निळं लुगडं, पण आत काही नसल्यासारखं खांद्यांवरून लोंबत होतं. बंद घराच्या जमिनीवर धूळ साचली होती, सारखी, मऊ. दारापासून भिंतीपर्यंत त्या धुळीवर एकही पाऊल नव्हतं.

 पळावं असं अक्षदाला एकदा वाटलं. पण पळायला पाठ फिरवावी लागली असती, आणि पाठ फिरवली तर मग आत कुणी असेल की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. घरी भिंतीला टेकून बसलेली, घामाघूम झालीस म्हणाली ती आणि ही, दोघींत कोणती किती उरली आहे, याचा हिशेब करायला कुठलाच काटा नव्हता.

"आई," ती म्हणाली.

आतला खांदा किंचित हलला.

"आई, वीस आणली गं मी. सगळ्या दारांत गेले. मीच बोलले सगळ्यांशी." तिने गज घट्ट धरले. "हे एक राहिलंय. शनिवारपर्यंत थांब. मी रोज येईन इथं, शाळा सुटली की. तू एकटी नाय बसायचीस."

 वाऱ्याने खिडकीचं दार करकरलं.

"मला नाचणीची भाकरी येत नाय अजून. कडेला फुटते. लावणीत मूठ कशी धरायची ते तू या वर्षी दाखवणार होतीस. तू बघितलं नायस ना मी कोणाजवळ राहू ते? मग आता बघ. बसून बघ. घाई नाय."

आईची मान जराशी वळली. पूर्ण नाही. कान दिसला, गालाची कड दिसली. ऐकताना वळवावी तेवढीच.

तेवढ्यात फोन वाजला.

अक्षदाने खाली पाहिलं. राजेशकाकाचा नवा नंबर. गाडी मिळाली असेल. आईने चहा मागितला असेल. कशासाठीही असेल. फोन वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. दूर, त्यांच्या घराच्या बाजूने, अंबूबाईंचा आवाज आला. त्या कुणाला तरी हाका मारत होत्या. शब्द कळत नव्हते.

आतल्या बाईने एक हात जमिनीवर टेकला, उठायच्या आधी टेकतात तसा.

"नको ना," अक्षदा म्हणाली. "अजून माझं सांगून नाय झालं."

तिने फोन दोन्ही तळव्यांत दाबून धरला. आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. मग तिने गजांमध्ये तोंड घातलं आणि जे सुचेल ते सांगायला लागली, शाळेतलं, बाकावरच्या मैत्रिणीचं, नळावरच्या बायकांचं, एक संपायच्या आत दुसरं, कुठे श्वासाएवढीही जागा राहू नये असं.